टाचणीची शेवटची ओळ

एक

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी टाचणी नाहीशी झाली.

नाहीसं होण्याच्याही तऱ्हा असतात. कुणी दार आपटून जातं. कुणी निरोप घेता घेता उंबऱ्यातच तासभर घालवतं. टाचणी गेली ती कापडातून टाचणी ओढून घ्यावी तशी. मागे राहिलेलं भोक इतकं बारीक, की बोट फिरवल्याखेरीज कळू नये. फोनच्या पडद्यावर करड्या अक्षरांत उरलं होतं, 'टाचणी यांनी गट सोडला', आणि त्याच्या वर तिची ओळ:

'आजची ओळ शेवटची. संध्याकाळपर्यंत एकीला झोप मिळेल.'

कात्रीने ती ओट्याशी उभ्या उभ्या वाचली. तिच्या एका हातात गोळ्या कुटायचा छोटा खल होता, आणि तो तिने इतक्या हळू खाली ठेवला, जणू आवाज झाला तर ती ओळ खरी होईल.

कात्री हे तिचं गटातलं नाव. घरात ती सून होती, बायको होती, आणि पलीकडच्या खोलीतल्या पलंगाला बांधलेल्या घंटीचं उत्तर होती. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना पक्षाघात झाला. उजवं अंग आणि वाचा, दोन्ही एकाच दुपारी गेली. विमा कंपनीत अकरा वर्षं खोट्या दाव्यांचं पितळ उघडं पाडणाऱ्या सुनेने मग तात्पुरती रजा घेतली. तात्पुरता हा शब्द मोठा लवचीक. त्यात अख्खं आयुष्य मावतं.

गटाचं नाव होतं 'उघडी खिडकी'. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरी सांभाळणाऱ्यांचा तो गट. रुग्णालयातून घरी सोडताना कागदांत एक कार्ड खोचून देत; त्यावरची चौकट फोनने टिपली, की आत जाता येई. खरं नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, आणि रोज सकाळी प्रत्येकाने एक ओळ लिहायची: आपल्या खिडकीतून आज काय दिसतं. त्यानंतर दिवसभर रडा, चिडा, शिव्या द्या. पण सकाळची ओळ चुकवायची नाही. ती हजेरी होती, आणि भिंतीला पाडलेलं भोकही.

टाचणीच्या ओळीची सगळे वाट पाहत. 'ढग आला, बघून गेला. नातेवाईकच.' किंवा, 'विमान गेलं. मला न घेता.' चार-पाच शब्द, टोकदार, आणि तरी बोचल्यावर बरं वाटावं असे. कात्रीला गेल्या वर्षभरात जिवाभावाचं कुणी मिळालं असेल, तर ती ही न पाहिलेली बाई.

आता गट थरथरत होता. मास्तरांनी, म्हणजे विसरभोळ्या झालेल्या पत्नीला सांभाळणाऱ्या निवृत्त शिक्षकांनी, लिहिलं की या ओळीचे दोनच अर्थ निघतात. एकतर टाचणी स्वतः कायमची झोपणार आहे, नाहीतर ती ज्या रुग्णाला सांभाळते तिला झोपवणार आहे. फटाका नावाच्या मुलीने लिहिलं, 'मास्तर, तुमचा तास संपला. तिला शोधा.' आणि मग त्याच फटाकाने कालचा एक संदेश वर ओढून सर्वांच्या समोर ठेवला.

'म्हातारी गेली, तर मी आधी दिवसभर झोपेन, मग रडेन. क्रम बदलणार नाही.'

त्याखाली टाचणीचं उत्तर होतं: 'बरोबर. झोप आधी.'

ही झोपेची गोष्ट टाचणीच्या डोक्यात कुणी भरली, असं फटाकाने विचारलं. उत्तराची गरज नव्हती. ते वाक्य कात्रीचं होतं.

दोन

अपराध शोधण्याची सवय असलेल्या माणसाला स्वतःचा अपराध सापडला, की तो आधी काम काढतो. कात्रीनेही तेच केलं. संध्याकाळ व्हायला आठ तास होते. घराबाहेर पाऊल टाकणं शक्य नव्हतं. सासूबाईंना एकटं ठेवता येत नसे. एक फोन, एक ओटा, स्वयंपाकघराची मागच्या गल्लीवर उघडणारी खिडकी, एवढंच तिचं कार्यालय.

तिने प्रथम पहारेकऱ्याला गाठलं. गटाचं दार राखणारी ही कुणी समाजसेविका होती. ती म्हणाली, पत्ता तिच्याजवळ कुणाचाच नाही. तसा तो नसावा म्हणूनच तर गट टिकलाय.

'तरी काहीतरी असेल,' कात्रीने लिहिलं. 'आत येताना तुम्ही काही विचारता.'

'एकच प्रश्न. तुम्ही कुणाची काळजी घेता?'

'टाचणीने काय लिहिलं होतं?'

बराच वेळ पडद्यावर नुसते तीन ठिपके हलत राहिले. मग उत्तर आलं: 'हे सांगणं नियमात बसत नाही. पण जीव नियमापेक्षा मोठा. तिने लिहिलं होतं, एका सुनेची.'

कात्री खुर्चीवर बसली. म्हणजे टाचणी सासू होती. कुठल्याशा घरात एक म्हातारी आपल्या आजारी सुनेची उशी सारखी करत होती, आणि कात्री वर्षभर तिच्याच पुढ्यात सासूच्या नावाने बोटं मोडत होती. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती बाई एकदाही दुखावली नव्हती. उलट एकदा लिहिलं होतं, 'सासवा कठीणच. शिजायला वेळ लागतो.'

मग फटाका. गटात तिची जीभ म्हणजे पेटती वात; मास्तरांना 'चालतं-बोलतं हस्ताक्षर' म्हणण्याची हिंमत फक्त तिची. कात्रीने दोन कडक प्रश्न लिहून पाठवले. उत्तराऐवजी फोन वाजला.

'मी... मी बोलतेय. फ-फटाका.'

आवाज इतका लहान होता, की कात्रीला फोन कानाशी दाबावा लागला. ही मुलगी अडखळत बोलत होती, प्रत्येक शब्दाआधी थांबून, पायरी तपासत. वडिलांना सांभाळते, म्हणाली. घरी दिवसभरात दहा वाक्यं होतात. दुकानदारासमोर शब्द फुटत नाही, म्हणून सामानही चिठ्ठीने मागवते. लिहिताना कुणी आपल्या तोंडाकडे बघत नसतं, त्यामुळे तिथे सुटते. आणि मग ती हुंदके देऊ लागली. काल टाचणीला तिनेच खासगीत विचारलं होतं, की तुम्हाला कधी सुटावंसं वाटत नाही का?

'काय म्हणाली ती?'

'म्ह-म्हणाली, वाटतं. तयारी झालीय.'

मास्तरांचं उत्तर त्यांच्या सवयीने मुद्देसूद आलं, आणि शेवटाकडे येता येता सगळे मुद्दे विरघळले. गटात ते सर्वांच्या चुका काढत. टाचणीला मात्र रोज दुपारी पानभर पत्र लिहीत. पत्नी आता त्यांना शेजारी समजते. आपलं लिहिलेलं कुणीतरी शेवटपर्यंत वाचतं, एवढ्याचसाठी ते लिहीत. टाचणीची उत्तरं दोन शब्दांची असत, आणि ती यायला हटकून दहा मिनिटं लागत. 'मी समजत असे, की ती विचार करून लिहिते,' मास्तरांनी लिहिलं होतं. 'काल मी विचारलं, आपण कधी बोलूया का, आवाजाने? तिने लिहिलं, आवाज नाही उरला. मी याला नकार समजलो. आता वाटतं, तो निरोप असावा.'

कात्रीने घड्याळ पाहिलं. साडेअकरा. आणि तेव्हाच तिला जाणवलं, की आज सकाळपासून पलीकडच्या खोलीतली घंटी एकदाही वाजलेली नाही.

तीन

ती दाराशी जाऊन पाहून आली. सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. डाव्या हाताखाली नणंदेने दिलेला टॅब पालथा. त्यावर त्या दिवसभर पत्त्यांचा कसला तरी खेळ खेळतात, अशी घरात समजूत होती. अंगठा हळूहळू हलत असे, आणि चेहरा नेहमीचा: न्यायाधीशाचा. आयुष्यभर त्यांनी शिवणवर्ग चालवला. उलटी टीप घालणाऱ्या मुली त्यांच्या जिभेच्या धाकाने रडत घरी जात. ती जीभ गेली, पण धाक चेहऱ्यावर राहून गेला. खोलीत शिवणयंत्र होतं, त्यावर आता औषधं. यंत्राच्या झाकणावर, पलंगासमोरच, रुग्णालयाचं ते कार्ड कात्रीनेच कधीतरी हरवू नये म्हणून चिकटवलेलं. श्वास संथ होता. घंटी वाजली नाही म्हणजे एक कृपाच, असं मनाशी म्हणत ती परतली. जाताना आतल्या खोलीच्या कोपऱ्यातली लहान बॅग तिच्या पायाला लागली. नवऱ्याने काल ती माळ्यावरून काढली होती. चेन दुरुस्त करायचीय म्हणाला होता. चेन तर धड होती. पण आज असल्या गोष्टींना वेळ नव्हता.

साक्षीदार एकच उरला होता, मौनी. गटात सर्वांत जुना सदस्य. सकाळच्या ओळीखेरीज त्याने वा तिने एक अक्षर लिहिलं नव्हतं, पण प्रत्येक संदेशाखाली, कुठल्याही वेळी, 'वाचलं' अशी खूण मौनीची असे. फटाका म्हणे, हा नक्की हेर आहे. कात्रीलाही त्या खुणेची भीती वाटे; न बोलणारी माणसं तिला कधीच आवडली नव्हती. घरात एक होतीच.

तिने सरळ विचारलं. तुम्ही सगळं वाचता. टाचणीबद्दल काय ठाऊक आहे?

पाच मिनिटं गेली. मग पडद्यावर छायाचित्रं कोसळू लागली. वहीची पानं. एक, दोन, दहा, चाळीस. बारीक, सरळ अक्षरात टाचणीची प्रत्येक ओळ, प्रत्येक उत्तर, तारीख आणि वेळ घालून. इतरांच्याही ओळी, शेजारच्या रकान्यात. आणि शेवटी तीन वाक्यं:

'मला लोकांत बोलता येत नाही. म्हणून मी लिहून घेते. ही वही रात्री नवऱ्याला वाचून दाखवते, त्याला खिडकी नाही.'

कात्री त्या वाक्यांकडे बघत राहिली. ज्या शांततेला ती हेरगिरी समजत होती, ती एका घरातली रोजची प्रार्थना निघाली होती. काचेपलीकडे माणूस असतो, आणि आपल्याला त्यात आपलंच वाफाळलेलं तोंड दिसतं.

दुपारचं भरवणं उरकून तिने वही वाचायला घेतली. तिसऱ्या पानावर थांबली. पुन्हा पहिल्या पानावर गेली. दावे तपासताना जी थंडी बोटांत यायची, ती आज दोन वर्षांनी पुन्हा आली.

चार

खोटा दावा, तिचे जुने साहेब म्हणत, बोलण्यात सापडत नाही. न बोललेल्यात सापडतो. जळालेल्या दुकानाची यादी देणारा सगळं सांगतो, फक्त कुलपाचा उल्लेख टाळतो. म्हणून कात्रीने टाचणीच्या ओळींत काय आहे ते बाजूला ठेवलं, आणि काय नाही ते शोधू लागली.

मास्तरांच्या खिडकीत रस्ता होता: शाळेची मुलं, टोपीवाला पोस्टमन, लंगडा कुत्रा. फटाकाच्या खिडकीत वाहनतळ. मौनीची खिडकी जिन्याची होती, तिच्यातून नुसत्या चपला दिसत. कात्रीच्या स्वतःच्या ओळींत मागची गल्ली, भंगारवाला, मांजरी.

टाचणीच्या तीनशेहून अधिक ओळी होत्या. तारेवरचा एकटा पक्षी. गंजलेली टाकी, 'आज घाम फुटलाय तिला'. ढग, विमान, पतंगाचा सांगाडा. माणसं होती, पण वरच्या मजल्यांच्या गच्च्यांत, कठड्याच्या वर कमरेपासून. 'समोरच्याने शर्ट उलटा वाळत घातलाय. बायको माहेरी.' एका दुकानाची पाटी होती, तिची फक्त वरची ओळ. वर्षभरात एकही सायकल नाही, एकही कुत्रा नाही, एकही वाटसरू नाही.

टाचणीच्या जगात कुणालाही पाय नव्हते.

खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला रस्ता दिसतो. खुर्चीत बसलेल्यालाही निम्मा दिसतो. फक्त वरचं आणि वरचंच वर्षभर कोण पाहतं? जो पडून असतो.

कात्रीने वही मिटली. म्हणजे फोन पालथा ठेवला. टाचणी कुणाची शुश्रूषा करत नव्हती. तीच अंथरुणावर होती. चार शब्द तिची शैली नव्हती. चार शब्दांवर हात थकत असावा. 'आवाज नाही उरला' हा नकारही नव्हता, निरोपही नव्हता. नुसती वस्तुस्थिती होती. आणि तरी आत येताना तिने लिहिलं होतं, की मी एका सुनेची काळजी घेते.

पलंगावर पडलेली, मुकी सासू. जी सुनेची काळजी घेते.

घरं असंख्य असतात, तिने स्वतःला बजावलं. अशा सासवाही असंख्य. पुरावा लागतो. तिने पुन्हा वही उघडली, या वेळी ओळींसाठी नव्हे, वेळांसाठी.

पाच

टाचणी सकाळी साडेसात ते साडेआठ कधीच नसे. दुपारी साडेबारानंतर पाऊण तास नसे. चारला नसे. कात्रीने या योगायोगावर मागे एकदा गंमत केली होती, 'आपली घड्याळं जुळ्या बहिणी आहेत', कारण त्याच वेळी तीही गटात नसे. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं. टाचणीने उत्तर दिलं होतं, 'घड्याळ एकच असेल.' कात्री त्यावर पोट धरून हसली होती.

पण ठरलेल्या वेळा अनेक घरांत सारख्या असू शकतात. तपासनिसाला मोडलेली वेळ हवी असते.

गेल्या महिन्यात एक दिवस कात्रीला ताप भरला होता. सकाळी उठवेना. सासूबाईंचं अंग पुसायचं काम अकरापर्यंत लांबलं. गटात तिने ते दुपारी तीनला सांगितलं, त्याआधी अवाक्षर नाही. तिने ती तारीख शोधली. मौनीच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: सात चाळीस. टाचणी. 'आज घर उशिरा उठणार. पक्ष्यांना सांगून ठेवलंय.'

आणि अकरा ते बारा, त्या एकाच दिवशी, टाचणी गायब.

गटात इतर कुणालाही ठाऊक नसलेली गोष्ट सात चाळीसला एकाच व्यक्तीला ठाऊक होती. जिच्या अंगावरचं पांघरूण त्या सकाळी वेळेवर निघालं नाही तिला.

मग बाकीचं आपोआप घसरत आलं, शिवण उसवावी तसं. यंत्राच्या झाकणावर चिकटवलेलं कार्ड, पलंगावरून टॅबच्या टप्प्यात. पत्त्यांचा खेळ. 'कात्री' गटात आल्यावर तीन आठवड्यांनी 'टाचणी' नावाची कुणी आली. शिवणाच्या डब्यातून दुसरं नाव कोण उचलणार? आणि धड चेनची बॅग. 'संध्याकाळपर्यंत एकीला झोप मिळेल' या ओळीचे मास्तरांनी दोन अर्थ काढले होते. तिसरा कुणालाच सुचला नव्हता. ती 'एकी' ओट्याशी उभी होती.

तिने नवऱ्याला फोन लावला. त्याने तिसऱ्या घंटेला उचलला, आणि ती काही बोलण्याआधीच म्हणाला, 'तुला कळलं का?'

'काय कळायचंय?'

 त्याला खोटं बोलता येत नसे. मग त्याने तुकड्यातुकड्यांत सांगितलं: शुश्रूषा केंद्रात जागा झालीय. आईनेच टॅबवर शोधली, आईनेच त्यांना लिहिलं, मला फक्त सही मागितली. तुला सांगायचं नाही म्हणाली. म्हणजे लिहिलं तिने. पाच वाजता गाडी घेऊन येतोय.

'तू माझ्याशी बोलला असतास तर—'

'मी दोघींच्या मधे राहतो,' तो हळूच म्हणाला. 'तिथे बोलायला जागा कुठेय?'

सहा

साडेचार वाजता, चारची कूस बदलायची वेळ टळून गेल्यावर, कात्री पलीकडच्या खोलीत गेली. सासूबाईंचे डोळे उघडे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, त्याच न्यायाधीशाच्या नजरेने. या खोलीत ती दिवसातून वीसदा येई, पण खिडकीकडे नेहमी तिची पाठ असे. हात कामात, डोळे हातांवर.

 तिने पलंगाचा कठडा खाली केला, सासूबाईंना अलगद भिंतीकडे सरकवलं, आणि त्यांच्या शेजारी आडवी झाली. उशी एकच होती. दोन डोकी तिच्यावर जेमतेम मावली.

मग तिने खिडकीतून पाहिलं.

तार. टाकी, गंजाचा ओघळ असलेली. तिच्यामागे गच्ची, आणि दोरीवर एक शर्ट. पाटीची फक्त वरची ओळ. खालची खिडकीच्या कठड्याने खाल्लेली. वर्षभर ती जिच्या आकाशावर प्रेम करत होती, ते आकाश तिच्याच घरात होतं, दहा पावलांवर, फक्त दोन हात खाली.

'आई,' ती म्हणाली, 'टाचणी तुम्ही.'

डावा हात हलला. टॅब उलटा झाला. अंगठा एकेका अक्षरावर जाऊ लागला, थांबत, चुकत, पुन्हा. किती वेळ लागत होता. या हाताला ती रोज साबण लावत असे, आणि तो काय करू शकतो हे तिला ठाऊक नव्हतं.

'उशीर केलास. तपासनीस म्हणे.'

कात्रीला हसू आलं आणि ते मधेच तुटलं. कालचं वाक्य, ती सांगू लागली, ते मी चिडून लिहिलं होतं. माझ्या मनात तसं नव्हतं. अंगठ्याने तिला थांबवलं.

'होतं. चांगलं वाक्य होतं. मी हसले. तू ओट्याशी होतीस.'

'मग माझ्यावर रागावून जाताय. नाहीतर माझ्यासाठी.'

या वेळी उत्तराला फार वेळ लागला. खिडकीत एक पक्षी तारेवर येऊन बसला, उडून गेला.

'तूच एकटी अडकलीस होय? दोन वर्षं हीच टाकी.'

आणि थोड्या वेळाने, त्याखाली: 'तिथे मी माणूस आहे. इथे मी काम आहे.'

कात्रीने डोळे मिटले. हे वाक्य कुठल्याही शिवीहून खरं होतं. पण दावा एकतर्फी निकालात काढायची तिला सवय नव्हती. ती छताकडे बघत म्हणाली, 'तुम्हीसुद्धा मला आधी कधी एक गोड शब्द बोलला नाहीत. जीभ होती तेव्हा. आणि तिथे एवढ्या मायेने लिहायचात. खरी कोणती मग, तुम्ही की ती?'

अंगठा पुन्हा अक्षरांवर गेला.

'एक ओळ लिहायला दहा मिनिटं. तेवढ्यात राग उतरतो. जिभेला दहा मिनिटं मिळाली नाहीत कधी.'

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. जिन्यावर पावलं. कात्री उठली नाही. तिने विचारलं, मी जाऊ नका म्हटलं तर? सासूबाईंच्या तोंडाचा डावा कोपरा किंचित वर गेला. गेल्या दोन वर्षांत ती याला आकडी समजत आली होती. ते हसू होतं.

'उद्या पुन्हा विचारीन, जाऊ का. रोज. मला वेळच वेळ.'

दार उघडून नवरा आत आला, मागे स्ट्रेचर घेतलेली दोन माणसं. एका उशीवर दोघींना पाहून तो चौकटीतच थांबला. चुकीच्या घरात आल्यासारखा.

'दहा मिनिटं थांब,' कात्री म्हणाली. 'आम्ही बोलतोय.'

सात

त्यांना नेल्यावर खोलीत पलंग मोठा दिसू लागला. घंटीची दोरी कठड्याला लोंबत होती. नवरा कागदपत्रांसाठी गाडीबरोबर गेला होता, आणि घरात कात्रीला हाक मारणारं कुणीही नव्हतं. दोन वर्षं ती ज्याच्यासाठी तडफडत होती, ते हेच. क्रम तिने स्वतःच जाहीर केला होता: आधी झोप, मग रडणं.

ती त्या पलंगावर आडवी झाली, तारेकडे तोंड करून, आणि क्रम चुकला.

गटाला तिने चार शब्द लिहिले: 'टाचणी सापडली. सुखरूप आहे.' फटाकाने फटाक्यांची अख्खी माळ लावली. मास्तरांचा वाक्याच्या शेवटी पूर्णविराम घालायचा राहून गेला. मौनीने वाचलं. कुणी सापडली कुठे, असं विचारलं नाही. नियम होता, आणि नियम कधी कधी दयाळू असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर करडी अक्षरं उमटली, टाचणी पुन्हा गटात आली होती. कात्रीच्या हातातला चहा निवत होता. तीन ठिपके हलले, थांबले, हलले. मग ओळ आली.

'इथली खिडकी जमिनीपर्यंत. माणसांना पाय आहेत.'

ठिपके पुन्हा हलू लागले. या वेळी ते काय आहेत, हे पडद्याच्या या बाजूला एका माणसाला ठाऊक होतं: एक अंगठा, एकेका अक्षरावर. कात्री हलली नाही. घड्याळात दहा मिनिटं झाली.

'रविवारी त्यांत दोन पाय ओळखीचे असावेत.'